कडी वाजायच्या आधी

१

हे कुणाला सांगायचं नाही, असं घरात ठरलं आहे. ठरवलं आईने. "बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. लोक आधीच हसतात आपल्याला." मी तशीही बोलत नाही, वर्गात माझा आवाज हजेरीपुरता. पण लिहू नको असं कुणी म्हणालेलं नाही. 'मी, मी' लिहायला मला अवघड वाटतं, म्हणून जिच्याबाबतीत हे घडलं तिला दिशाच म्हणते आणि जरा लांबून सांगते.

तर दिशाच्या घरी, सणसरला, पाहुणा चहाला टेकला की सिनेमा सुरू व्हायचा. पाहुणा कोण, याला महत्त्व नव्हतं. विम्याचा एजंट असो, ऊसतोडीचा मुकादम असो, बाबांच्या इंदापूरच्या बँकेतले साहेब असोत. आबा, म्हणजे दिशाचे आजोबा श्रीपती, आधी पाणी विचारायचे, मग गाव विचारायचे आणि मग रिमोट शोधायला लागायचे. रिमोट त्यांच्या मांडीखालीच असायचा.

"'पाटकऱ्याचं घर' पिक्चर बघितलाय का तुमी?"

"न्हाय बा. नवीन हाय का?"

"जुना हाय. पण हितलाच हाय, आपल्या कालव्यावर काढलेला. सगळा न्हाय दावत. शेवट तेवढा बघा."

शेवट तेवढा म्हणजे चहा संपून कप वाळेपर्यंत. पाहुण्याचा पाय हलायला लागायचा, तो मोबाइल काढायचा, परत खिशात ठेवायचा. आणि मग एका ठरलेल्या जागी तो हसायचा. कुणीही असो, तिथेच हसायचा. आबाही हसायचे, पण पाहुण्याच्या किंचित आधी, जणू त्याला हसायची मोकळीक देत असल्यासारखे.

दिशाला सगळ्यात जास्त राग याचा यायचा. एवढं दाखवायचं कशाला, आणि दाखवायचं तर हसायचं कशाला? ती आतल्या दाराशी उभी राहून दात आवळायची आणि रिकामे कप उचलून न्यायची.

२

आबा नोकरीला होते तेव्हा कालव्यावर पाटकरी होते. म्हणजे पाण्याची पाळी आली की दारं उघडायची, पाळी संपली की बंद करायची. राहायला कालव्याच्या कडेलाच सरकारी खोली होती. आईबाबांच्या लग्नाच्या कितीतरी आधी पुण्याहून काही मंडळी आली, त्यांना ती खोली आवडली, आणि तिथे हा सिनेमा झाला. तो बारामतीच्या थिएटरात लागला, आठवडा पुरा व्हायच्या आत उतरला, आणि मग आसपासच्या जत्रांत तंबूत लागला. तिथे लोक पोट धरून हसले. सिनेमा भीतीचा होता.

चुका होत्याच. दिशा आंधळी नव्हती. बैलाची शिंगं एका प्रसंगात निळी आणि लगेच पुढच्या प्रसंगात लाल. जुन्या काळच्या पाटलाच्या मनगटावर आकडे लुकलुकणारं घड्याळ. आभाळ स्वच्छ, चांदण्या दिसताहेत, आणि विजा कडाडताहेत.

"तुला काय दिसतं गं त्यात?" दादा विचारायचा. दिशाचा भाऊ ज्ञानेश बारामतीला इंजिनिअरिंगला होता आणि त्याला सगळ्याचं मत असायचं. "बैल बदललाय, ते तरी दिसतं का?"

"दिसतं. बैल बघायला बसते का मी?"

"दहापैकी पावणेदोन मार्क देईन मी याला."

"तुला मॅथ्समध्ये मिळाले त्याहून बरे आहेत."

त्याला सांगून उपयोग नव्हता. कालव्याच्या भरावावरून एक कंदील चालत येतो, त्याच्याखाली पाण्यात दुसरा कंदील चालतो, आणि हे इतका वेळ चालतं की टीव्ही अडकला की काय असं वाटावं. संगीत नाही, बोलणं नाही. किंवा पाटकऱ्याची बायको एकटी पीठ मळत असते. मध्येच थांबते. कान देते. परत मळायला लागते. बस्स, तेवढंच. ज्या माणसाने हे काढलं त्याला भीती म्हणजे काय ते नक्की कळत होतं, फक्त त्याला बैल सांभाळता आला नाही. हे एवढं साधं कुणाला कसं कळत नाही, असं वाटून दिशाचं डोकं उठायचं.

आता ती हसायची जागा. सिनेमाच्या शेवटी पाटकऱ्याच्या दारी एक माणूस येतो. तो पाठमोरा दिसतो. ते आबा. चपला काढतो, कडी वाजवतो, आतून बाई म्हणते, "आले, आले, दम धरा की," दार उघडतं, माणूस आत जातो आणि सिनेमा संपतो. तो कोण होता ते सांगतच नाहीत.

आता झालं असं, की नटीला दुसरं शूटिंग लागलं आणि आवाज भरायच्या वेळी ती आलीच नाही. मग शेवटच्या भागाला आवाज दिला आज्जीने. चतुराबाईने. आबांबरोबर एसटीने पुण्याला गेली, काचेच्या खोलीत उभी राहिली आणि बोलली. पडद्यावर बाईचं तोंड हलायच्या आधी बोलली. दर वेळी आधी. परत परत घेतलं, तरी आधीच. शेवटी ते लोक कंटाळले आणि आहे तसं ठेवलं. त्यामुळे सिनेमात आबांचा हात कडीकडे जायच्याही आधी आतून ओ येते, "आले, आले, दम धरा की," आणि मग कडी वाजते.

आज्जी होतीच तशी. पाणी मागायच्या आत तांब्या पुढे. प्रश्न अर्धा असताना उत्तर पुरं. "मला चपला ऐकू येत्यात की," ती म्हणायची. "कडीची वाट कशाला बघू?" पाहुणे हसले की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "हसा, हसा. सायबांनी शिकवलं न्हाय मला, माझी काय चूक?"

गेल्या वर्षी आज्जी गेली. सिनेमा मात्र चालूच राहिला. आबा कशासाठी लावतात ते दिशाला तेव्हा कळलं. पाहुणा हे निमित्त होतं.

३

आज्जीचं पहिलं पुण्यस्मरण जवळ आलं. सांगवीहून आत्या येणार होती, सुप्याहून आईच्या माहेरचे, शिवाय सगळी भावकी. फोटोपुढे वंदना होणार, जेवण होणार, आणि त्यानंतर आबा काय करणार हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं.

"त्या दिवशी तरी नको," आई म्हणाली. "फोटोला हार घालायचा आणि तिच्याच आवाजाला खदाखदा हसायचं. बरं दिसतं का?"

"हसू द्या की," आबा म्हणाले. "तीबी हसायचीच."

आई चिडली. बाबा नेहमीप्रमाणे पेपरमागे गेले. आणि दिशाने ठरवलं की आपणच हे एकदाचं दुरुस्त करायचं.

एका रविवारी दुपारी तिने पेनड्राइव्हवरचा सिनेमा दादाच्या लॅपटॉपवर उघडला. आवाज वेगळा काढायला आणि मागेपुढे सरकवायला शिकायला तिला वेळ लागला नाही. वेळ लागला तो दादाच्या बडबडीने आणि दर दोन मिनिटांनी उघडणाऱ्या जाहिरातींनी. आज्जीचं बोलणं पडद्यावर निळ्या डोंगरासारखं दिसत होतं. दिशाने तो डोंगर धरला आणि कडीच्या पलीकडे नेऊन ठेवला.

तरी जमेना. नटीचे ओठ पहिल्या शब्दाला एकदाच उघडत होते आणि आज्जी 'आले' दोनदा म्हणाली होती. कितीही सरकवलं तरी एक 'आले' उरतच होतं.

"मग काप की एक," दादा म्हणाला. "एवढा काय विचार करतेस?"

दिशाने पहिलं 'आले' कापलं. क्षणभर तो तुकडा बाजूला पडून राहिला. तिने तो पुसला आणि सगळं पेनड्राइव्हवर जुन्या नावानेच साठवलं. जुनं आपोआप गेलं. हे तिच्या लक्षात आलं, पण त्या वेळी तिला बरंच वाटलं. परत कुणी हसायला नको.

आता ते अगदी बरोबर होतं. चपला. कडी. थोडी शांतता. मग, "आले. दम धरा की." आणि ओठ शब्दाबरोबर हलत होते. मान्य करायला तिला आवडलं नाही, पण आधी त्या जागी अंगावर जो काटा यायचा तो आला नाही.

४

पुण्यस्मरणाला कुणीही हसलं नाही.

वंदना झाली, जेवणं झाली, आबांनी मांडीखालून रिमोट काढला. माणूस दारी आला, कडी वाजली, बाई बोलली, दार उघडलं. आत्याने डोळे पुसले. सुप्याचे मामा म्हणाले, "चांगला होता की पिक्चर. उगीच नावं ठेवली लोकांनी." मग सगळे उठून पान खायला गेले.

आबा बसून राहिले.

"कोण बोललं आतनं?" त्यांनी विचारलं.

"आज्जी," दिशा म्हणाली. "आवाज जरा जागेवर आणलाय मी."

आबांनी टीव्हीकडे बघितलं, मग तिच्याकडे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कडी वाजूस्तोवर थांबली व्हय ती," ते म्हणाले. "मग ती न्हाय. दुसरी कोण तरी हाय."

त्या दिवसानंतर आबांनी सिनेमा लावला नाही. विम्याचा एजंट आला, चहा पिऊन गेला. जाताना त्याने आपणहून विचारलं, "आज पिक्चर न्हाय का?" आबा म्हणाले, "टीव्ही बिघडलाय." टीव्हीवर त्या वेळी बातम्या लागल्या होत्या.

दिशा वैतागली. लोक हसायचे तेव्हाही त्रास, हसायचे थांबले तरी त्रास. या घरात माणसाने काय करावं म्हणजे बरोबर?

५

घराची बेल कधीची बंद आहे, सगळे कडीच वाजवतात. म्हणून हे लवकर लक्षात आलं असावं.

शाळेतून येऊन दिशा एकदा बाहेरच्या खोलीत गृहपाठ करत होती. आतून आई म्हणाली, "आले." मग जराशाने कडी वाजली. गॅसवाला होता. दिशाने दार उघडलं, टाकी आत घेतली आणि आईला हाक मारली. उत्तर नाही. आई मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती.

"तू आत्ता आत होतीस ना?"

"मी इथं मघापासून आहे. का गं?"

भास, दिशाने ठरवलं. ते पटवून घ्यायला तिला फार कष्ट पडले नाहीत. दुसऱ्या वेळी तिने दादाच्या स्पीकरला दोष दिला. तो स्पीकर कुणाच्याही फोनला आपोआप जोडला जायचा. तिसऱ्या वेळी स्पीकर दादाबरोबर बारामतीला होता.

आवाज मागच्या खोलीतून यायचा. तिथे आज्जीची खाट उभी करून ठेवली होती आणि जोंधळ्याची पोती रचली होती. दार ओढून घेतलेलं असायचं. "आले." एकदाच. मग कडी. कधी दूधवाला, कधी कुरिअर, कधी चुकून आलेला माणूस. जो कुणी यायचा त्याच्या आधी ओ यायची, आणि ओ आली की माणूस येतोच, असं होऊ लागलं. दिशा पेन खाली ठेवून कडीची वाट बघायची. कडी वाजली की तिला हायसं वाटायचं. आपल्याला कशाने हायसं वाटतंय ते लक्षात आलं की स्वतःचाच राग यायचा. जिवंत असताना दम नव्हता, ठीक आहे. आता तरी?

मग शेजारच्या ठमाबाई विरजण मागायला आल्या. ओ आली, पण कडी वाजली नाही. दिशाने जाऊन दार उघडलं. ठमाबाई पायरीवर वाटी धरून उभ्या होत्या, कडीपासून हातभर लांब.

"अजून मी कडीला हात न्हाय लावला," त्या म्हणाल्या. "आतनं कोण वरडलं?"

"आई असेल."

"तुझी आई आत्ता दुकानात भेटली मला." त्यांनी दिशाच्या खांद्यावरून आत, मागच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळाच्या टोकापर्यंत नजर नेली. "ऱ्हाऊ दे विरजण. लिंबू पिळते मी दुधात."

संध्याकाळी दिशाने हे आईला सांगितलं. तेव्हा आईने ते वाक्य उच्चारलं, बाहेर न बोलण्याचं. तुला आवाज ऐकू येतो का, हेही दिशाने विचारलं. आई फोडणी जळेपर्यंत हलवत राहिली.

६

त्यानंतरच्या रविवारी, भर दुपारी, आतून "आले" आलं आणि कुणीच आलं नाही.

दिशा थांबली. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. उन्हं भिंतीवरून खाली सरकली. तिने दार उघडून दोन्ही बाजूंना बघितलं. एक कुत्रं सावलीला पडलं होतं. कडीपाशी कुणीच नव्हतं.

मागे चपला वाजल्या. घरात.

आबा खोलीतून बाहेर आले होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, पायात चपला. आबा घरात कधी चपला घालत नाहीत. ते बोळातून चालत मागच्या खोलीपर्यंत गेले, दाराशी थांबले आणि चपला काढून शेजारी नीट लावल्या. पाठमोरे. दिशाने ही पाठ इतक्या वेळा बघितली होती की पुढे काय होतं ते तिला पाठ होतं.

"आबा, कुठे निघालात?"

"तिनं ओ दिलीय," आबा मान न वळवता म्हणाले. "मग वाजवायला नगं?"

"त्या खोलीत पोती आहेत."

"असंल."

"आणि आत जाऊन काय करणार?"

आबांनी हा प्रश्न विचारातही घेतला नाही. सिनेमात तरी कुठे सांगितलं होतं? माणूस आत जातो आणि संपतो.

दिशाला भीती वाटली आणि संतापही आला, दोन्ही एकदम. ती पुढे गेली आणि तिने आबांचा दंड धरला. तो दंड इतका बारीक झाल्याचं तिला माहीत नव्हतं.

"आज नको. दिवस तरी बघा. आज बाबा नाहीत, दादा नाही. उद्या वाजवा."

"उद्या?"

"उद्या. मी शाळेतून आल्यावर."

आबांनी टोपी सारखी केली. "बरं," ते म्हणाले. मग दाराकडे तोंड करून, आत नीट ऐकू जाईल अशा आवाजात, "उद्या येतो गं."

चपला त्यांनी तिथेच राहू दिल्या.

७

जुना आवाज परत आणायचा तर जुना सिनेमा हवा. तो एका सीडीवर होता. ती सीडी कुठे आहे हे दादाने फोनवर सहज सांगितलं, "अगं, जोंधळ्यात. पाखरांसाठी."

सोमवारी ती शाळेतून थेट शेतात गेली. दादाने घरातल्या सगळ्या जुन्या सीड्या दोऱ्याने काठ्यांना बांधल्या होत्या. उन्हात त्या लखलख फिरत होत्या आणि पाखरं खुशाल कणसं खात होती. आबांच्या अक्षरातली सीडी सापडली. मागची चांदी पापुद्र्यासारखी उडून गेली होती आणि मधून आभाळ दिसत होतं.

घरी आली तेव्हा आबा टोपी घालून खुर्चीवर तयार बसले होते.

"आली का? चला."

"हातपाय तरी धुऊ द्या," दिशा म्हणाली आणि लॅपटॉप उघडला. फोननंतर दादा आदल्या रात्रीच येऊन, ओरडत ओरडत, तो ठेवून गेला होता. तिने आज्जीचा निळा डोंगर धरला आणि कडीच्या अलीकडे ओढला. नेमका कुठे? ते आता कुणाला माहीत? मग तिला आठवलं, मला चपला ऐकू येत्यात की. तिने डोळे मिटून आबांच्या चपला ऐकल्या, सिनेमातल्या. शेवटची चप्पल वाजते न वाजते तिथे तिने आवाज सोडला.

"आले. दम धरा की."

एक कमी होतं. ते तिने स्वतःच्या हाताने पुसलं होतं, आणि ते जगात कुठेच नव्हतं. त्या मागच्या खोलीत सोडून.

बोळातून चपला वाजल्या नाहीत, कारण त्या तिकडेच होत्या. अनवाणी पावलांचा आवाज मात्र तिने ऐकला. खुर्ची रिकामी होती.

दिशाला लोकांसमोर आवाज फुटत नाही. कविता म्हणायला उभी राहिली की बाई म्हणतात, "मागच्या बाकापर्यंत पोचू दे." तिने लॅपटॉपच्या माइकच्या बारीक भोकाजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "आले." ऐकलं. फार हळू होतं. परत म्हणाली, आज्जी म्हणायची तसं, हातातलं काम न सोडता, "आले." तो तुकडा तिने आज्जीच्या आवाजाच्या पुढे जोडला, पेनड्राइव्ह ओढून काढला आणि धावत जाऊन टीव्हीला लावला. टीव्हीने नेहमीप्रमाणे उघडायला वेळ घेतला. तिने त्याच्या डोक्यावर चापट मारली.

बाहेरच्या खोलीतून बोळ सरळ दिसतो. आबा मागच्या दारासमोर उभे होते, हात उचललेला, बोटं वळवलेली. अजून वाजवलं नव्हतं. तरी दार आतल्या बाजूला वीतभर सरकलेलं होतं.

"अगं, अजून वाजवलंच न्हाय मी," आबा म्हणत होते. वैतागून, लाडाने, दोन्ही. "जरा दम न्हाय तुला."

खिडकीमुळे त्या खोलीत दुपारी चांगला उजेड असतो. फटीत उजेड नव्हता. पाण्याचा आवाज होता, भरलेला पाट कडेकडेने जाताना येतो तसा. आणि दाराच्या कडेला, आतल्या बाजूने धरलेली चार बोटं होती. ओल्या पिठाने माखलेली. कामातून तशीच उठून आल्यासारखी.

टीव्ही लागला. चपला. आणि लगेच, कडीच्या कितीतरी आधी, "आले, आले, दम धरा की." पहिलं 'आले' पोरीचं, दुसरं म्हातारीचं. इतकं विचित्र, इतकं चुकलेलं वाटलं की त्या अवस्थेतही दिशाच्या मनात आलं, आता तर लोक लोळून हसतील.

आबांचा हात खाली आला. ते वळले. त्यांच्या खांद्यामागे दार हलकेच लोटलं गेलं. आतून. बाहेर पाहुणे बसलेत हे कळल्यावर घरातली बाई लोटते तसं.

आबा हसत होते.

"लाव परत," ते म्हणाले. "आता दोघी बोलत्यात."

दुसऱ्या दिवशी आईने त्या दाराची कड ओल्या फडक्याने पुसली. वाळलेलं पीठ सहज निघत नाही. तिने नखाने खरवडलं आणि काही विचारलं नाही.

८

आबा बरे आहेत. चपला पुन्हा बाहेरच्या दाराशी आहेत. काल विम्याचा एजंट येऊन गेला, शेवट बघितला आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. आबा त्याच्या जरा आधी हसले. मला राग आला नाही. एवढ्या चुकांचा सिनेमा चुकांसकट जपायचा असतो, हे मी शिकले आहे. कुणी विचारलं तर मी हे मोठ्याने सांगेन, मागच्या बाकापर्यंत जाईल असं.

मागच्या खोलीतून आता ओ येत नाही. अनोळखी माणूस आला तर आधी कडी वाजते, मग कुणीतरी उठतं. साधं, सगळ्यांच्या घरी असतं तसं.

फक्त एक गोष्ट राहिली आहे आणि ती लिहावी म्हणूनच मी हे लिहायला बसले. दुपारची वेळ आहे. आई समोर मेथी निवडत बसली आहे, आबा खाटेवर झोपले आहेत, त्यांचं घोरणं ऐकू येतंय. मघाशी लिहिता लिहिता मी म्हणाले, "आले."

आईने विचारलं, "कुणाला म्हणालीस?"

कुणालाच नाही. मला कुणी हाक मारली नव्हती. असं या आठवड्यात आधीही झालं आहे. मी ओ देते, आणि थोड्या वेळाने हाक येतेच. कधी बाबा, कधी दादा, एकदा ठमाबाई. म्हणून मी भराभर लिहिते आहे, कारण आजची हाक अजून यायची आहे. बाबांची आली तर जाईन. आबांनी उठून मारली तरी जाईन. पण ती बोळाच्या टोकाकडून आली, तर मी ठरवलं आहे की ओ दिलेली असली तरी आपण जागचं अजिबात

थांबा, कुणीतरी बोलावतंय. आई नाही, आईच्या हातातली काडी तशीच राहिली आहे आणि तीही मान वर करून मागच्या